पालकाचं पत्र

माझ्या थोरल्या वन्सं, महालक्ष्मीअक्का, एकोणचाळिसाव्या वर्षी नर्सिंगच्या शाळेत जायला निघाल्या. दोन वर्षं दुपारच्या आवराआवरीनंतर अभ्यास करून त्या मॅट्रिक झाल्या होत्या. विधवांना चाळिशीपर्यंत प्रवेश मिळे, पण घरच्या कर्त्या पुरुषाचं पत्र लागे. अक्कांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे यजमान सेतुमाधव, यांनी ते इंग्रजीत लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि हसून म्हणाले, “जा अक्का, आता साऱ्या मद्रासचा ताप तूच मोज!”

संध्याकाळी अक्का परतल्या त्या चपलांसकट आत आल्या. फोडलेलं पाकीट त्यांनी ह्यांच्यापुढे धरलं.

“अय्यो सेतू, मला फिट्स कधीपासून येतात रे?”

ह्यांनी पाकीट घेऊन खिशात कोंबलं.

“मेट्रननं सगळ्या पोरींसमोर वाचून दाखवलं. रक्त बघून मला भोवळ येते म्हणे! तुझ्या दोन्ही लेकरांची नाळ कुणी कापली?”

“तू गेलीस तर हिचं कसं व्हायचं?” हे खाली बघत म्हणाले. “दोन लहान पोरं. हिच्यासाठीच केलं.”

अक्का माझ्याकडे वळल्या. “वेणू, तुला ठाऊक होतं?”

पत्राचं मला खरंच ठाऊक नव्हतं. पण आठवड्यापूर्वी मीच ह्यांच्यापाशी रडले होते, की अक्कांवाचून मला दोन पोरं झेपायची नाहीत. ते मी अक्कांना सांगून टाकलं.

“माझ्यापाशी रडायचं होतंस गं,” त्या म्हणाल्या. “मी आपणहून थांबले असते.”