चवड्यावरची फेरी

"थांबा बाबा! आहे तिथेच थांबा. बूट काढा."

मैदानाच्या कडेला मोबाइल धरून उभी असलेली लेक एवढ्या जोरात ओरडली, की धावता धावता शिडीदादा जागीच थबकले. अग्निशमन केंद्रात त्यांना सगळे याच नावाने हाक मारत. शिडी लागली की पहिला पाय त्यांचाच, म्हणून. पण गेल्या वर्षी एका जळत्या इमारतीच्या जिन्यात गुडघा दुखावला आणि आता धावण्याची चाचणी तोंडावर आली होती. ठरल्या वेळेत फेऱ्या झाल्या नाहीत, तर बंबावरून उतरून टेलिफोनच्या खोलीत बसायचं, असा नियम होता.

लेक फिजिओथेरपिस्ट. तिने मोबाइलवर काढलेलं चित्रण त्यांच्यापुढे धरलं.

"बघा. पाय फार पुढे टाकताय, टाच धाडकन आपटतेय आणि अंगाचा भार आला की गुडघा आत कोसळतोय."

"अगं, बूट केवढे मऊ आहेत! जावईबापूंनी हौसेने आणलेत. नुसती गादी!"

"गादीवर एका पायाने उभं राहून बघा कधी. खाली जमीन कशी आहे हे पायाला कळायला नको?"

दुसऱ्या दिवसापासून पातळ तळाचे बूट आले. पावलं आखूड झाली. पाय अंगाखालीच टेकवायचा, तोही आधी चवडा, मग टाच.

"या वयात मला धावायला शिकवतेय!"

"चालायला तुम्ही शिकवलंत, धावायला मी शिकवते. फिटंफाट."

हळूहळू गुडघ्याचं डगमगणं कमी झालं. पण सगळा ताण पोटऱ्यांवर आला. सकाळी पलंगावरून उतरताना शिडीदादा भिंत धरत.

"पोटऱ्यांना सवय व्हायला महिने लागतात, बाबा. चाचणी पुढे नाही का ढकलता येणार?"

"आग थांबते का गं कुणासाठी?"

चाचणीच्या सकाळी ती एवढंच म्हणाली, "उशीर झाला तर होऊ दे, पण लांब ढांगा टाकू नका. इथे पडलात तर कपड्यांना माती लागेल. शिडीवर कुणी खांद्यावर असताना पडलात तर?"

शिडीदादांनी वाकून बुटांच्या नाड्या आवळल्या.

सुरुवातीच्या फेऱ्या ठीक गेल्या. शेवटच्या फेरीला मात्र पोटऱ्या पेटल्या. तरणी पोरं भराभर पुढे निघून गेली. कडेने बंबाचा ड्रायव्हर, त्यांचा जुना जोडीदार, ओरडत पळत होता, "दादा, वेळ संपत आलीय! टाका ढांग! टाका!"

त्यांनी ढांग टाकली. टाच आपटली, अंतर झपकन कापलं गेलं. दुसरी ढांग. तिसरीला गुडघा आत वळला आणि क्षणभर पाय आपला राहिलाच नाही. जमीन अंगावर आली. हात झाडत त्यांनी कसाबसा तोल सावरला. कुंपणापाशी उभ्या लेकीने तोंडावर हात दाबून धरला होता, पण ती ओरडली नाही.

"टाका ना दादा!" ड्रायव्हर रडकुंडीला आला.

शिडीदादांनी पावलं पुन्हा आखूड केली. चवडा, टाच. चवडा, टाच. रेघ समोर दिसत होती आणि ती गाठायला उशीर होतोय हेही दिसत होतं.

त्यांनी रेघ ओलांडली तेव्हा चाचणी घेणाऱ्या साहेबांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. हळू आवाजात म्हणाले, "दादा, हे घड्याळ जरा पुढेच पळतं बरं का. मी आपलं..."

"घड्याळ बरोबर आहे, साहेब," धापा टाकत शिडीदादा म्हणाले. "लिहा."

टेलिफोनच्या खोलीला एकच खिडकी होती. पहिले काही दिवस चुकीचे नंबर लावणाऱ्यांचेच फोन आले. मग एका दुपारी एका म्हातारीचा घाबराघुबरा आवाज आला. "घरभर धूर झालाय हो, मला दारच सापडत नाहीये!"

त्यांनी पत्ता विचारला, घंटेचं बटण दाबलं. बाहेर धावपळ उडाली. खुर्चीवरून ते अर्धवट उठलेच होते. मग खाली बसले.

"आजी, खाली बसा. जमिनीलगत धूर कमी असतो. भिंतीला हात लावून रांगत या. हं, सावकाश. मी आहे फोनवर."

पलीकडे नुसता खोकला. खिडकीतून बंबाची रिकामी शेड दिसत होती.

"आजी? दार लागलं का हाताला?"

पलीकडे कडी खडखडली. मग, "लागलं बाबा. उघडलं."

"बाहेर या. पायरीवर बसा. मोबाइल बंद करू नका."

त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. म्हातारीच्या हुंदक्यांमागून त्यांना आपल्याच बंबाचा भोंगा जवळ येताना ऐकू आला.