ओरडायचं नाही

तेनर्यू नदीच्या कोरड्या पात्रात एकोणीस जण गुडघे मोडून बसले होते आणि तोकिता त्यांना गप्प बसायला शिकवत होता. शिकवत होता म्हणजे बांबूच्या तलवारीने झोडपत होता.

मधोमध टेपरेकॉर्डर ठेवला होता. त्यावर ‘आसागिरी’ या तीन गायिकांच्या चमूची जुनी, धावती गाणी लागली होती. ज्या ज्या ठोक्यावर या पोरांनी तीन वर्षं नरडी फोडून गायिकांची नावं पुकारली होती, तो प्रत्येक ठोका येऊन जात होता आणि आज तोंड उघडायचं नव्हतं. चौथ्या गाण्यात नेगिशीच्या तोंडून “चि-झु-रू!” निसटलंच. बिचाऱ्याने स्वतःच तोंड दाबून धरलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तोकिताने त्याच्या पाठीत तीन सणसणीत हाणले. तिसऱ्याला बांबू चिरला.

“कॅप्टन, सवय आहे हो,” नेगिशी कळवळून म्हणाला.

“सवय मोडायलाच आणलंय तुला इथे. पाठ मोडली तरी हरकत नाही. चल, पहिल्यापासून.”

गायिकांच्या चाहत्यांची असली रक्षक दलं तेव्हा जपानात गावोगावी होती. डोक्याला पट्टी, अंगात घोट्यापर्यंतचा कोट, पाठीवर लाडक्या गायिकेचं नाव सोनेरी दोऱ्याने भरलेलं. गाण्यात ठरल्या जागी ठरलं नाव ओरडायचं, एकसुरात, एका दमात. एखादा ठोका चुकला की कार्यक्रमानंतर त्याला सभागृहाच्या मागे नेऊन बडवायचं. हे प्रेम होतं की गुंडगिरी, ते त्यांच्या आयांनाही कधी कळलं नाही. मला विचाराल तर दोन्ही होतं. या दलांचा एक नियम मात्र कोणी कधी मोडला नाही: कॅप्टनने पहिली हाक दिल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही.

हामामात्सूच्या दलाचा कॅप्टन तोकिता कात्सुमी, वय तेवीस. पंधराव्या वर्षापासून मोटरसायकलचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर कामाला होता, त्यात डावा कान पार गेला होता. उजवा शाबूत होता. कल्लोळात पोरं काय विचारतात ते त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून त्याचं दल खुणांवर चालायचं. दोन्ही हात डोक्यावर नेऊन गोल केला की बरोबर. छातीशी हातांची फुली केली की चूक. बालवाडीतल्या बाईसुद्धा हेच करतात, त्यात नवल काही नाही; पण तोकिताचं अख्खं राज्य या दोन खुणांवर उभं होतं.

आणि त्याच्या सदऱ्याच्या आत, छातीशी, चिझुरूचं पत्र होतं. ‘आसागिरी’च्या तिघींत ती मधली, सर्वांत बुटकी. तिने प्रत्येक दलाच्या कॅप्टनला स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: “नव्या अल्बमचं नाव ‘आठ पोस्टकार्डं’. आठही गाणी संथ आहेत. रेकॉर्डिंग हामामात्सूला, तुमच्या समोरच होणार आहे. एकदाच, फक्त एकदा, मला माझा आवाज ऐकू द्या.”

तोकिताने उलटटपाली उत्तर धाडलं होतं: “कोणी ओरडणार नाही. शब्द देतो.” आयुष्यात त्याच्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच मागणं होतं आणि ते पुरं करायचं म्हणून तो पोरांची कातडी सोलत होता.

कार्यक्रम रविवारी दुपारी दोनला होता. बाराच्या सुमारास नागोयाच्या दलाची बस सभागृहाच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. चाळीस जण उतरले, शेवटी गोंदो उतरला. इमारतींच्या परांच्या बांधणारा माणूस, मान बैलासारखी, हाताचे पंजे फावड्याएवढे. सगळ्या दलांत तो वडीलधारा.

“तोकिता, पोरांना सांगून ठेव,” गोंदो म्हणाला. “पाचवं गाणं, ‘धुक्यातला फलाट’. आठांत तेवढं एकच जुनं, आजवर नुसतं स्टेजवर गायलेलं. दुसऱ्या कडव्यानंतर नेहमीच्या जागी मी हाक देणार.”

“दादा, तिने पत्र लिहिलंय. तुम्हालाही लिहिलं असेल.”

“आलंय. वाचलंय. आणि तू कॅप्टन आहेस की पोस्टमन?” गोंदोने आवाज खाली आणला. “अरे, तो वरचा सूर तिला लागत नाही. कधीच लागला नाही. तिथे आपण तिचं नाव घेतो म्हणून लोकांना कळत नाही. तीन वर्षं पोरीची अब्रू आपण झाकतोय. आज ते रेकॉर्डवर जाणार, जन्मभर हसतील तिला. आणि तू म्हणतोस झाकू नका?”

गोंदो खोटं बोलत नव्हता. त्या जागेवर हाक घालायची ही युक्ती मुळात तोकितानेच काढली होती. पहिल्या वर्षी तिथे तिचा आवाज चिरकला होता आणि पुढच्या रांगेतल्या दोघी फिदीफिदी हसल्या होत्या. ते त्याच्या अजून डोक्यात होतं.

“पण तिने मागितलंय,” तो एवढंच म्हणाला.

“पोरी काय, चंद्रसुद्धा मागतील.”

तोकिता खाली बसला. त्याने दोन्ही तळवे डांबरावर टेकले, कपाळ टेकलं. “पाया पडतो, दादा. आज नको.”

गोंदोने बूट त्याच्या डोक्याच्या मागच्या भागावर ठेवला. आधी नुसताच ठेवला, मग भार दिला. तोकिताचा ओठ दातांवर फाटला आणि डांबरावर रक्त आलं. ते पाहून उपकॅप्टन हिबिनो बाकीच्या पोरांना घेऊन धावत आला. तोकिताने पडल्या पडल्याच मनगटं एकमेकांवर आडवी धरली: फुली. इथे मारामारी झाली असती तर पोलीस आले असते, कार्यक्रमच रद्द झाला असता. पोरं जागच्या जागी थिजली.

“आपण दोघंच बघून घेऊ,” तोकिता उठत म्हणाला. “दोन्ही दलं आत बसू देत. तुम्ही आणि मी बाल्कनीच्या दाराबाहेर. चौथं गाणं संपलं की सुरू. मला ओलांडून आत गेलात तर खुशाल हाक द्या. पण मारताना आवाज करायचा नाही. जो ओरडला तो हरला.”

गोंदो मनापासून हसला. “बहिऱ्या, दहा आकडे मोजायच्या आत झोपवीन तुला.”

“झोपवा. पण गुपचूप.”

वरचा कॉरिडॉर रेकॉर्डिंगच्या तारांमुळे लोकांना बंद होता. दार जाड, चामड्याने मढवलेलं. चौथं गाणं संपलं, टाळ्या वाजल्या आणि विरल्या, पियानो सुरू झाला आणि गोंदोने पहिला गुद्दा तोकिताच्या पोटात घातला.

आतलं सगळं बाहेर येतंय असं तोकिताला वाटलं. तो वाकला, पण दारापुढून हलला नाही. दुसरा गुद्दा बरगड्यांवर बसला, काहीतरी मोडलं. त्याने डोक्याची पट्टी ओढून तोंडात कोंबली आणि दातांखाली धरली. जन्मभर गळा हेच ज्यांचं हत्यार, ती दोन माणसं एकमेकांना ठार मारायच्या बेताने भिडली होती आणि बुटांच्या घासण्याखेरीज कशाचाही आवाज नव्हता. आत चिझुरू पहिलं कडवं गात होती. तिचा आवाज बारीक होता, थोडा धाप लागल्यासारखा. तोकिताने तो याआधी कधी नीट ऐकलाच नव्हता. ऐकणार कसा, तो स्वतःच ओरडत असायचा.

त्या आवाजाकडे कान गेला तेवढ्यात गोंदोने त्याचे केस धरले आणि डोकं दारावर आपटलं. धप्प झालं. दोघंही दचकून थांबले. आत गाणं चालूच होतं.

तोकिताने गोंदोचा उजवा हात पकडला, करंगळी मुठीत घेतली आणि मागे उलटी मोडली. गोंदोचा चेहरा जांभळा पडला, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्या गड्याने ब्र काढला नाही. दिल्या शब्दाला तोही पक्का होता. मग डाव्या हाताचा पंजा उघडून त्याने तोकिताच्या उजव्या कानावर सारं बळ एकवटून मारला.

कानात काहीतरी फुटलं आणि जग बंद झालं. पियानो गेला, चिझुरू गेली, स्वतःचा श्वासही गेला. तोकिता कोसळला. मानेवरून काहीतरी ऊन ऊन ओघळत होतं. गोंदोचे बूट त्याला ओलांडून दाराकडे निघाले. त्याने आडव्यानेच दोन्ही हातांनी एक पाय कवटाळला. गोंदोने दुसऱ्या पायाने त्याच्या खांद्यावर, पाठीवर, तोंडावर लाथा घातल्या. एक दात पट्टीत अडकला. तोकिताने पाय सोडला नाही. गाल लाकडी जमिनीला चिकटला होता आणि जमिनीतून ढोलाचे ठोके येत होते. दुसरं कडवं संपलं. आता आठ ठोके, मग ती जागा. तो मोजू लागला.

तिसऱ्या ठोक्याला गोंदोने त्याला फरफटत दार गाठलं. पाचव्याला दाराची मूठ फिरवली. सातव्याला दार वीतभर उघडलं, आतला निळा उजेड गोंदोच्या तोंडावर पडला. त्याने छाती भरून श्वास घेतला. तोकिताने तोंडातली पट्टी थुंकली आणि शेवटचं बळ काढून त्याच्या पोटरीचा चावा घेतला.

आठ.

गोंदोचं तोंड उघडंच राहिलं. हाक आली नाही. आली असती तर छाती खाली बसली असती. ती भरलेलीच होती. मारामुळे सुजून बारीक झालेल्या डोळ्यांनी तोकिता त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण आता ऐकायला त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. मग तो धटिंगण मटकन गुडघ्यांवर बसला आणि रडायला लागला.

सूर लागला नाही वाटतं, तोकिताच्या मनात आलं, आणि तो आतून तुटला. आपण शब्द पाळला आणि पोरीला उघडं पाडलं. त्याने रक्ताळलेले हात कसेबसे वर केले, हवेत गोल काढला, मग फुली, आणि भुवया उंचावून विचारलं.

गोंदोने दोन्ही हात उचलले. ते हळूहळू डोक्यावर नेले आणि भला मोठा गोल केला. मोडलेली करंगळी त्या गोलातून बाहेर, भलत्याच दिशेला निघाली होती. तो तसाच बसून राहिला. त्याचे ओठ हलत होते, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. तोकिताला ते वाचायला वेळ लागला.

“आपणच दाबत होतो रे. तीन वर्षं, आपणच.”

कानाचा पडदा दोन महिन्यांत सांधला, पण आतली नस गेली ती गेलीच. गोंदो दर रविवारी नागोयाहून इस्पितळात यायचा, प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन तासभर बसायचा आणि भाजलेल्या बाम माशांचा डबा ठेवून जायचा. माफी त्याने मागितली नाही, तोकितालाही ती नको होती.

शरद ऋतूत ‘आठ पोस्टकार्डं’ बाजारात आला. हिबिनो तो घेऊन तोकिताच्या खोलीवर आला. त्याने पाचव्या गाण्यावर सुई ठेवली. तोकिताने तळवा स्पीकरच्या जाळीवर टेकला आणि डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत दोघंही हलले नाहीत.

“कोणी ओरडलंय का?” तोकिताने विचारलं. आपला आवाज केवढा लागतो ते त्याला कळत नसे; पलीकडच्या शेजाऱ्यांनाही तो प्रश्न ऐकू गेला असेल.

हिबिनोने फुली केली. मग डोकं खाजवत रेकॉर्डच्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: “पण पहिल्या कडव्यात एक धप्प आहे. ढोलवाला चुकलाय. एवढ्या मोठ्या कंपनीला काढता आलं नाही, म्हणजे बघ.”

तोकिताने वाचलं. त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय ते हिबिनोला आधी समजेना.

“ढोलवाला नाही रे,” तो ओरडून म्हणाला. “ते माझं डोकं आहे. पुन्हा लाव.”

हिबिनोने पुन्हा सुई ठेवली. तळव्याखाली ते धप्प आलं आणि गेलं. मग दुसरं कडवं, मग आठ ठोके, आणि मग जाळीतून एक बारीक थरथर हाताला लागली. ती वर चढली, कुठेही न तुटता लांबत राहिली, आणि तोकिताने तोंडावर दुसरा हात घट्ट दाबून धरला.