भोक असलेली वाटी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची वाटी आहे आणि माझ्या बुडाला भोक आहे. माझ्यातून पाणी प्यायला गेलात तर तहानलेलेच राहाल. माझं काम वेगळं. मोडलेलं हाड जुळलं, की आत बसवलेली धातूची पट्टी कधीकधी काढावी लागते. तिच्या एखाद्या स्क्रूचं डोकं झिजून गुळगुळीत झालं असेल, तर ते ड्रिलने कापतात आणि धातूचा कीस उडतो. तो उघड्या जखमेत पडू नये म्हणून मला त्या स्क्रूवर बसवतात. डोकं भोकातून वर येतं, खालची मऊ रबरी कड घट्ट बसते आणि सगळा कीस माझ्या पोटात जातो.

मला घडवून घेतलं ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरने. तिचा दीर लेथवर काम करायचा. "वहिनी, चांगल्या वाटीला भोक पाडून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच," तो म्हणाला. "पाडता येतं का तेवढं सांगा, भावोजी," ती म्हणाली. त्याने तीन वाट्या वाया घालवल्या. चौथी मी.

मग माझी बारा वर्षं थाटात गेली. एकदा मी हत्तीएवढा तुकडा झेलला होता. बरं, हत्तीएवढा नसेल, तांदळाच्या कणीएवढा होता. पण जखमेच्या आत कणीच हत्तीएवढी होते, हे मी शपथेवर सांगते. तेव्हाचे डॉक्टर मला उजेडात धरून म्हणायचे, "बघा, हे सगळं पेशंटच्या पायात राहिलं असतं." मी लाजायचे. स्टील लाजलं की जास्त चकाकतं, असं माझं निरीक्षण आहे.

पट्टी काढायच्या हत्यारांचं गाठोडं बांधताना मोठी सिस्टर मला सगळ्यांच्या वर ठेवायची. मला हात लावल्याशिवाय कुणाला पुढे जाताच यायचं नाही. हे तिने कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. हीच तिची चूक.

ती निवृत्त झाली. नवी सिस्टर फार नीटनेटकी. हत्यारांबरोबर कंपनीच्या छापील याद्या येतात, त्यांच्याशी ताडून तिने प्रत्येक गाठोडं नव्याने लावलं. मी कुठल्याच यादीत नव्हते. तिने मला टेबलाच्या खणात ठेवलं आणि माझ्यात टाचण्या टाकल्या. त्या भोकातून खाली सांडल्या. मी तरी काय करणार?

एका सकाळी एक शिंपीणबाई आल्या. त्यांच्या घोट्यात पट्टी होती. मशीनचं पायडल दाबलं की पट्टीची कड आतून टोचायची, म्हणून ती काढायची होती. कमरेखाली बधिर केलं होतं, पण जीभ शाबूत होती. "डॉक्टर, पायडल मारता येईल ना? हाताने शिवायला बसले तर गिऱ्हाइकाची मुलगी नवरी व्हायची ती आजी होईल."

"येईल, मावशी. पडून राहा."

पाच स्क्रू निघाले. सहाव्याचं डोकं गुळगुळीत झालेलं. ड्रिल मागवलं तेव्हा माझं भोक कशासाठी आहे ते नव्या सिस्टरला उमगलं. तिने मला खणातून उचललं आणि थिएटरच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, अर्धा तास द्या. ही वाफेतून निर्जंतुक करून आणते. तोवर जखमेवर ओलं कापड ठेवू."

"एका स्क्रूसाठी?" नवे डॉक्टर म्हणाले. "ती वाटी यादीत तरी आहे का?"

"नाही, सर."

"मग राहू दे. कीस पाण्याने धुऊन काढू."

ड्रिल फिरलं. कीस उडताना मी पाहिला. दिव्याखाली तो सुंदर दिसत होता. त्यांनी जखम दोनदा धुतली. बारीक कण धुण्याने निघत नाहीत, हे मी ओरडून सांगितलं. वाट्यांचं कोण ऐकतं?

जखम सुकेना. पुन्हा उघडली, साफ केली, पुन्हा चिघळली. पाच महिन्यांनी ती भरली, पण घोटा वाकायचा थांबला. शिंपीणबाईंनी पायडलवर पाय ठेवून पाहिला. पाय फळीसारखा तसाच राहिला. "नवरीची आजीच होणार म्हणायची," त्या नव्या सिस्टरला म्हणाल्या. सिस्टर हसली नाही. त्याच दिवशी तिने छापील यादीच्या तळाशी पेनाने माझं नाव लिहिलं. त्यानंतर माझ्यात तीन पेशंटचा कीस पडला. तिघेही चालत घरी गेले. मला आनंद व्हायला हवा होता.

मित्रांनो, ज्या वस्तूचं महत्त्व एकाच माणसाला ठाऊक आहे, तिचं नाव वेळेवर लिहून ठेवा. आणि तुमच्या घरचं कुणी असल्या ऑपरेशनला जाणार असेल, तर आदल्या दिवशीच विचारा, "गाठोड्यात वाटी बांधली का?" लोक हसतील. तरी विचारा.