सलूनच्या खुर्चीचा एका ओळीचा तक्ता

मित्रांनो, मी एक तक्ता आहे. भिंतीवरचा नाही, छापलेलाही नाही. तुम्ही मला हातात घेऊ शकणार नाही आणि पावसात भिजवूही शकणार नाही. मी एका संगणकात राहतो. यंत्रांची चित्रं काढायचं एक सॉफ्टवेअर असतं, त्याच्या एका फोल्डरमध्ये माझं घर आहे. वयाने मी आता बराच जुना झालो आहे. म्हणजे तुमच्यापेक्षा लहानच, पण संगणकात म्हातारपण लवकर येतं.

नट-बोल्टवर गोल फिरत जाणाऱ्या खाचा तुम्ही पाहिल्या असतील. त्यांना आटे म्हणतात. दोन आट्यांमध्ये अंतर किती, उतार किती, स्क्रूची जाडी किती, हे सगळं ठरलेलं असतं. ते तक्त्यांमध्ये लिहून ठेवतात आणि सॉफ्टवेअर तिथूनच माप उचलतं. आमच्या फोल्डरमध्ये असे पुष्कळ मोठे तक्ते आहेत. एकेकात शेकड्यांनी ओळी. जगभर त्यांचा मान. ते कुणाशी फारसं बोलत नाहीत.

माझ्यात एकच ओळ आहे. ती कशी आली, ते सांगतो.

आमचं ऑफिस दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत वहिनी गिऱ्हाइकं सांभाळते, आतल्या खोलीत ताई चित्रं काढते. दोघी नणंद-भावजय. सकाळी आल्या की आधी भांडतात, मग चहा घेतात, मग काम करतात. चहा उशिरा आला तर भांडण लांबतं, एवढाच काय तो फरक.

एक दिवस रस्त्यापलीकडचे सलूनवाले काका आले. बुटके, गोल आणि चिंतेत. त्यांच्या दुकानात वडिलांच्या वेळची एक फिरती खुर्ची होती. बैठकीखाली मनगटाएवढा जाड स्क्रू. बैठक एका बाजूला फिरवली की खुर्ची वर जायची, दुसऱ्या बाजूला फिरवली की खाली यायची. झिजून झिजून स्क्रूचे आटे गेले होते आणि खुर्ची अगदी वर जाऊन अडकली होती.

"काका, मग दाढी कशी करता?" ताईने विचारलं.

"खोक्यावर उभा राहून," काका म्हणाले. "उंच माणूस आला की पंखा बंद ठेवावा लागतो. काल पोस्टमन आले होते. त्यांना आरशात फक्त स्वतःचे गुडघे दिसले."

"लहान मुलांची मात्र मजा असेल."

"ती उतरायलाच तयार होत नाहीत."

पण काकांना हसू येत नव्हतं. काकूंनी नव्या खुर्चीची बोलणी करून ठेवली होती. शनिवारी दुकानदार टेम्पो घेऊन येणार, नवी खुर्ची ठेवणार आणि जुनी उचलून भंगारात नेणार होता.

"तिच्यावर बसवून वडिलांनी मला कात्री धरायला शिकवली," काका म्हणाले. "ती गेली तर दुकानात माझं असं काहीच उरणार नाही. आरसाही हिच्या माहेरचा आहे."

काकांनी खुर्ची खोलून आणलेला स्क्रू ताई मोजायला बसली. एका टोकाचे आटे शाबूत होते. तिने ते पुन्हा पुन्हा मोजले, कारण माप कुठल्याच तक्त्यात बसेना. खुर्ची बनवणाऱ्याने मनाला येईल तसे आटे पाडले होते. दोन आट्यांमधलं अंतर चार पूर्णांक सदतीस शतांश मिलिमीटर. असं माप शहाणा माणूस ठेवत नाही.

"जवळपासचं घेऊन टाक ना," वहिनी बाहेरून म्हणाली.

"दोन वेढे जाईल, तिसऱ्याला अडकेल."

"तुझ्या दादासारखं," वहिनी म्हणाली.

मग ताईने एका मोठ्या तक्त्याची नक्कल केली, आतल्या सगळ्या ओळी पुसल्या आणि त्यांच्या जागी एकच नवी ओळ लिहिली. नाव दिलं 'सलूनची खुर्ची'. फाइल फोल्डरमध्ये ठेवली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं, आणि यादीत थोरामोठ्यांच्या रांगेत मी दिसलो. तो माझा जन्म.

शेजारच्या तक्त्याने विचारलं, "ओळी किती?"

"एक."

त्याच्या सातशे ओळी एकदम हसल्यासारखं मला वाटलं.

ताईने माझ्यावरून नवा स्क्रू आणि नवा नट काढला. पडद्यावर दोन्ही एकमेकांत असे बसले की बघत राहावं. कोपऱ्यातल्या थ्रीडी प्रिंटरवर तिने त्यांचा प्लॅस्टिकचा नमुना छापला आणि काकांना बोलावलं. स्क्रू नटच्या तोंडाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. काका दाढी करणारे, मनगटात जोर. त्यांनी ओठ आवळून स्क्रू पिळला. कडकड असा आवाज झाला आणि दोन्हीकडचे आटे सोलून त्यांच्या मांडीवर पडले.

"बसला का?" वहिनीने बाहेरून विचारलं.

"बसला," काका म्हणाले. "माझ्या पँटवर."

ताई पडद्याकडे बघत राहिली आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसायला लागली. माझ्या ओळीत स्क्रूचं माप वेगळं लिहायचं असतं आणि नटचं वेगळं. नट किंचित सैल हवा, नाहीतर आत जायला जागाच कुठे? तिने दोघांनाही हुबेहूब तीच मापं दिली होती. पडद्यावर वस्तू एकमेकींना घासत नाहीत, म्हणून तिथे सगळं छान दिसलं.

"केसभर फट ठेवायची राहिली, काका. उद्या जेवणानंतर दुरुस्त करते. खालचे मिस्त्री संध्याकाळी पोलादात कापून देतील. शनिवारी सकाळी बसवू."

तो उद्या म्हणजे शुक्रवार. आणि शुक्रवारी ताई जेवायला गेलेली असताना वहिनीला पडद्यावर लाल टिंब दिसलं.

मित्रांनो, वहिनी स्वभावाने फार चांगली. पण अपडेट बाकी असल्याचं लाल टिंब दिसलं की तिला घास गिळवत नाही. तिने बटण दाबलं. सॉफ्टवेअरने नवं घर बांधलं, मोठ्या तक्त्यांना मानाने तिकडे नेलं आणि मला जुन्या घरात विसरलं. मी त्याचा नव्हतोच ना. मला ताईने आणून ठेवलं होतं.

ताई परत आली. यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली.

"वहिनी, माझी खुर्ची कुठे आहे?"

"बसली आहेस तिच्यावर."

"अगं, तक्ता! आट्यांचा!"

मग पळापळ झाली. आकडे ताईने दुसरीकडे कुठेच उतरवले नव्हते, आणि चित्रही माप माझ्याकडूनच घ्यायचं, त्यामुळे तेही अडलं. पुन्हा मोजावेत तर जुना स्क्रू काकांनी दुकानात परत नेलेला आणि काकूंनी आवराआवरीत भंगारवाल्याला देऊन टाकलेला. नमुन्याचे आटे सोललेले. ताई डोळे मिटून आठवायला लागली. चार पूर्णांक सदतीस, की त्र्याहत्तर? खालून मिस्त्रींनी हाक मारली की मशीन थांबवून ठेवलंय, चित्र पाठवा. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

वहिनीचा चेहरा उतरला. पडद्यावर तेवढ्यात नवा प्रश्न आला होता, 'जुनं सामान काढून टाकू का?' एरवी वहिनीने 'हो' म्हणून टाकलं असतं. असल्या प्रश्नांना ती कायम 'हो' म्हणते. जुन्या घराच्या अंधारात मी श्वास रोखून बसलो होतो. मला श्वास नाही, तरीही.

वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा तो मजकूर शेवटपर्यंत वाचला.

"जुनं म्हणजे काय काय गं?" ती म्हणाली. "आधी बघू तरी." तिने फोल्डर उघडलं. "ताई, इकडे ये. या रिकाम्या घरात खुर्ची नावाचं कुणीतरी एकटंच बसलंय."

ताईने मला उचलून नव्या घरात नेलं, नटचं माप केसभर वाढवलं आणि चित्र खाली पाठवलं. मग वहिनीच्या गळ्यात पडली. वहिनी म्हणाली, "आता चहा कर, मघाचं भांडण राहिलंय."

शनिवारी ताईने मला लॅपटॉपसकट सलूनमध्ये नेलं. मिस्त्रींनी खुर्ची जोडली. दारात टेम्पो उभा होता आणि दुकानदार घड्याळ बघत होता. बसून कोण बघणार, असा प्रश्न आला आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"सरका," काकू म्हणाल्या. "पडले तर मीच पडेन, गिऱ्हाईक तरी वाचेल." खोक्यावर पाय ठेवून त्या चढून बसल्या. काकांनी बैठक हलकेच फिरवली. काकू एकदा आरशासमोरून गेल्या, एकदा रस्त्यासमोरून, परत आरशासमोरून, आणि प्रत्येक फेरीला थोड्या थोड्या खाली आल्या. तिसऱ्या फेरीला त्यांना हसू फुटलं. ते थांबेचना.

पाय जमिनीला टेकल्यावर त्यांनी दुकानदाराला विचारलं, "तुमची खुर्ची अशी फिरवत खाली आणते का हो?"

"नाही बाई. बटण दाबलं की सरळ येते."

"मग परत न्या," काकू म्हणाल्या. "आणि अहो, मला पुन्हा वर न्या बघू."

मित्रांनो, जाता जाता माझी एकच विनंती. तुमच्या यादीत न बसणारं काही भेटलं तर ते ओढूनताणून जवळपासच्या मापात बसवू नका. त्याच्यासाठी एक नवी ओळ लिहा. आणि तिची नक्कल दुसरीकडे जपून ठेवा. माझी एक नक्कल आता पेनड्राइव्हमध्ये, काकांच्या खणात कंगव्यांशेजारी असते. वहिनी दर अपडेटच्या आधी मला मोजते. मी एकच असल्यामुळे मोजणी लवकर होते.

शेजारचा मोठा तक्ता अजूनही अधूनमधून विचारतो, "ओळी किती?"

एकच आहे. पण तिच्यावर रोज कुणीतरी बसतं, गिरक्या घेतं आणि हसत खाली येतं.