उंबऱ्यावर गिळलेलं नाव

लग्न होऊन मी मखमलाबादला आले आणि उंबऱ्यावरच अडकले. बायकांनी दार अडवलं होतं. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नव्हत्या. माझी तयारी चोख होती, आणि आवाज तर असा की सिन्नरला आमच्या गल्लीत हाक मारली तर स्टँडवरचा जीपवाला मागे वळून बघायचा. उखाणाही मीच रचला होता:

गोदेच्या पाण्यात पाय झाले गार,
रविराजरावांचं नाव घेते, मोकळं करा दार.

मी तो अख्खा म्हटला. निदान मला तरी तसंच वाटलं. पण समोर उभ्या असलेल्या झाडून सगळ्या बायकांचं म्हणणं वेगळं होतं. मी म्हणे "पाय झाले गार" म्हटलं आणि तोंड तसंच उघडं ठेवून तोरणाकडे बघत बसले. पापण्या फडफडल्या. मग एकदम म्हणाले, "मोकळं करा दार." मधलं नवऱ्याचं नाव गायब.

एरवी नवऱ्याचं नाव घेतलं की बोंब, आणि त्या दिवशी नाही घेतलं म्हणून बोंब. सासूबाईंनी, म्हणजे सगुणाबाईंनी, तिथल्या तिथे निकाल लावला. "पोरीच्या मनात दुसरा कोन्ही तरी हे. नाव व्हटावर आलं आन् गिळलं."

मी रडले, शपथा घेतल्या. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत असं पुन्हा पुन्हा झालं. सासूबाई बोलायच्या, मी मध्येच हरवायची. भाकरी तव्यावर जळायची आणि मी तिच्याकडे प्रेमानं बघत बसलेली. "बघा, आठवन काढू राह्यली त्याची!" शेवटी शेवटी तर मलाच शंका यायला लागली. कोण असेल बरं तो? माहेरच्या गल्लीतले सगळे मुलगे आठवून पाहिले. एकाचे दात पुढे, एक माझ्याकडून राखी बांधून घेणारा, आणि सायकलच्या दुकानातला गेणू, त्याला तर मी एकदा पंप फेकून मारला होता. एकही मनात ठेवण्यासारखा निघेना. आपल्या मनात कुणी बसलंय आणि आपल्यालाच पत्ता नाही, याचा मला फार राग आला.

आमचे हे काही बोलत नसत. मुळातच अबोल, त्यात आता भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. मला ते आवडत होते. आमच्या शेतातली फुलं तोडताना कळीला धक्का लागू नये म्हणून बोटं वाकडी करायचे, ते बघतच मी त्यांच्यात गुंतले होते. पण सांगू कशी? मी काहीही म्हटलं तरी खोटंच ठरत होतं. आणि सासूबाईंनी जाहीर करून टाकलं होतं, "दिवाळी झाली का हिला सिन्नरला नेऊन घाला."

सन अठ्ठ्याण्णवचा दसरा आला. आम्ही झेंडू घेऊन फुलबाजारात बसलो होतो. एका बाईंना मी एक किलो तोलत होते, आणि तराजू हातात धरून गेले तंद्रीत. शुद्धीवर आले तेव्हा त्या बाई माझा हात धरून सासूबाईंना विचारत होत्या, "असं नेहमी होतं का हो यांना?" त्यांचं नाव साधनाताई. डोक्याच्या डॉक्टरांकडे मेंदूच्या विजेचा आलेख काढायचं मशीन त्या चालवायच्या. "यांना घेऊन या. अशी तंद्री लागते तेव्हा माणसाला ऐकू येतं की नाही, यावरच आमचे डॉक्टर अभ्यास करतायत. घरच्यांनीही या, बोलायला माणसं लागतात."

"बोलायला लागत असतील तर मी येईन," सासूबाई म्हणाल्या.

बिनतेलाचे केस धुऊन या, असं सांगितलं होतं. त्यावरून घरात महाभारत झालं. "सुनेला भुतावानी मोकळ्या केसांनी गावातून नेऊ?" तरी नेलं. साधनाताईंनी माझ्या डोक्याला चिकट लेप लावून इतक्या वायरी जोडल्या की सासूबाईंनी घाबरून माझा अंगठा धरला, तो सोडलाच नाही. बाजूला कागद सरकत होता आणि त्यावर पेनांची ओळ आपली शहाण्यासारखी बारीक बारीक रेघोट्या ओढत होती.

"आता जोरजोरात श्वास घ्या आणि सोडा. थांबायचं नाही."

मी लाजून मांजरीसारखा श्वास घेतला. नवरा समोर, सासू अंगठा धरून बसलेली, छाती कशी फुगवणार?

"अगं, चुलीत फुंकनीनं फुकती तशी फुक!" सासूबाई ओरडल्या.

मग मात्र मी फुंकलं. डोकं गरगरायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या, आणि मला उगाचच हसू फुटलं. "छान. आता काहीतरी पाठ असलेलं म्हणा," साधनाताई म्हणाल्या. सासूबाईंनी संधी सोडली नाही. "तोच म्हन. उंबऱ्यावरचा. आज नाव घेती का बघू."

मी सुरू केलं. "गोदेच्या पाण्यात पाय..."

यापुढचं सगळं ऐकीव आहे.

म्हणे पेनं एकदम पिसाळली. इतका वेळ शहाणी असलेली ती ओळ सगळी मिळून उंच उंच डोंगर काढायला लागली. मी छताकडे बघत, पापण्या फडफडवत. "बोला! कुणीतरी बोला यांच्याशी!" साधनाताई ओरडल्या. सासूबाईंनी हाक मारली, अंगठा ओढला, शिवी दिली. मी ढिम्म. आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "आवं, ही तर पायातच अडाकली! नावापर्यंत पोचलीबी नाय!"

"वेगळं काहीतरी बोला, ऐकून दचकतील असं!"

आणि आमचे हे, ज्यांनी लग्नात बायकांनी चिमटे काढले तरी तोंड उघडलं नव्हतं, ते उठून उभे राहिले आणि त्यांनी खणखणीत आवाजात उखाणा घेतला. माझं नाव घालून. सासूबाईंच्या हातून अंगठा सुटला.

"...झाले गार, रविराजरावांचं नाव घेते, मोकळं करा दार," मी म्हणाले. पेनं परत शहाणी झाली होती. सासूबाई पदरात तोंड खुपसून हसत होत्या, साधनाताई हसत होत्या, यांचे कान झेंडूसारखे लाल झाले होते, आणि "काय झालं?" असं मी विचारलं की सगळे पुन्हा हसत होते.

डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, हा फिटचाच एक प्रकार. माणूस पडत नाही, फेस येत नाही, थोडा वेळ फक्त तिथे नसतो. गोळ्यांनी आटोक्यात येईल.

"म्हंजे फिटच ना नुसती? दुसरा कोन्ही नाय ना?" सासूबाईंनी दोनदा खात्री करून घेतली, खाली गेल्या आणि अर्धा किलो पेढे घेऊन आल्या. अख्ख्या दवाखान्यात वाटले. सुनेला फिट येतात म्हणून पेढे वाटणारी बाई डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. पेढा हातात धरून ते कितीतरी वेळ उभे होते. जिन्यात सासूबाईंनी मला जवळ ओढलं. "लय बोलले गं तुला," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग मीही रडले.

दिवाळीला मी मखमलाबादलाच होते. यांनी भिंतीकडची कूस बदलली ती कायमची. पण तो उखाणा काही पुन्हा म्हणत नाहीत. मी रुसून पाहिलं, उपाशी राहून पाहिलं. "एकदा झाला ना घेऊन," म्हणतात आणि कान लाल करून शेतात जातात. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, "तवा ध्यान द्यायचं व्हतं." त्यांनी तो भावकीतल्या बायकांना शिकवून ठेवलाय, त्या माझ्याकडे बघून गालात हसतात. गावात मी सोडून सगळ्यांना तो पाठ आहे.

गोळी मी सकाळ-संध्याकाळ घेते, एकदाही चुकवलेली नाही. डॉक्टर माझं कौतुक करतात, त्यांना वाटतं मला फिटची भीती आहे. मला भीती एवढीच वाटते की हा माणूस पुन्हा कधीतरी तोंड उघडायचा, आणि नेमकी मी तिथे नसायची.