शंभर नंबरचं टोकन

वाचनालयात मी एकतीस वर्षं पुस्तकांवर दाखल क्रमांक टाकले. त्यामुळे घरात नवा राउटर आला तेव्हा त्याने आपल्या मनाने यंत्रांना नेटवरच्या पत्त्याचे नंबर वाटावेत, हे मला पटेना. ती सोय मी बंद केली आणि मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, सगळ्यांना वहीत नोंदवून हाताने नंबर दिले. पाहुणा आला की बायको, वेणू, म्हणायची, "थांबा, आधी आमच्या ग्रंथपालांकडून नंबर घ्या."

त्या सोमवारी सुनेची, प्राचीची, अकरा वाजता ऑनलाइन मुलाखत होती. खारघरचं कॉलेज, चार वर्षांनी आलेली संधी. आमच्या तळमजल्यावर मोबाइलचं नेट धरत नाही. साडेदहाला तिच्या लॅपटॉपचं नेट तुटलं. पडद्यावर आलं : हा नंबर दुसऱ्या यंत्राकडे आहे.

वही काढली. सात नंबर प्राचीला आणि दोन पानांपुढे, माझ्याच अक्षरात, सात नंबर टीव्हीलाही. लॅपटॉपला नऊ दिला. तो उरणहून आलेल्या माझ्या बहिणीच्या, चंद्रावतीच्या मोबाइलकडे निघाला. मग वहीवरचा माझा विश्वासच उडाला.

मुलगा कुंदन जासईला कामावर. फोनवर म्हणाला, "बाबा, राउटरला हात लावू नका. आहे तेही बंद पडेल."

मलाही तसंच वाटत होतं. पण प्राची म्हणाली, "बाबा, तुम्हीच बघा ना."

तेव्हा वाचनकक्ष आठवला. तिथे वाचकाला कायमचा क्रमांक नसे. दारात पितळी टोकन घ्यायचं, जाताना परत करायचं, तेच पुढच्याला. यंत्रंही अशीच येतात-जातात. मी त्यांना पुस्तकं समजून बसलो होतो.

राउटरचं पान उघडून आपोआप नंबर देण्याची सोय सुरू केली. माझे हातचे नंबर पन्नासच्या आतले, म्हणून टोकनं शंभरपासून ठेवली. बटणापाशी बोट दोनदा नेऊन मागे घेतलं. मग दाबलं. राउटरचे दिवे विझले.

"झालं," वेणू म्हणाली. "नंबरही गेले आणि नेटही."

दिवे परत लागले. लॅपटॉपमधला नऊ पुसून 'आपोआप' निवडलं. पडद्यावरचा गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि नंबर आला. शेवटचे आकडे : शंभर. पहिलं टोकन!

अकराला तीन मिनिटं होती. पाऊण तास मी बंद दाराबाहेर उभा होतो. प्राचीचा आवाज एकदाही तुटला नाही.

दार उघडलं. "बाबा, पुढच्या सोमवारी रुजू व्हा म्हणाले!"

चंद्रावतीने लगेच मोबाइल पुढे केला. "दादा, मलाही शंभर दे."

"शंभर गेला," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच केवढा मोठा वाटला. "तुला एकशे एक. आणि माझ्याकडे मागू नकोस, आपोआप मिळेल."