लंगड्याचा गोल

आमच्या सिद्राच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, दुकानात पिंपांच्या वर माझ्या भावाचा फोटो आहे. अख्ख्या पेन्यामार गावात हा फोटो नसलेला बार दाखवा, मी फुकट पाजते! फोटोत एलिसेओ एका पायावर उभा, दुसरा पाय नुसता लोंबतोय, आणि चेंडू जाळ्यात. लंगड्याचा गोल. खेळाडूचा पाय गेला आणि बदली कोणी उरला नाही, की त्याला समोरच्यांच्या गोलपाशी नेऊन उभा करायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. पळायचं नाही, नुसतं उभं राहून नडायचं. एलिसेओ नडला आणि वर गोलही ठोकला. गावचा फुटबॉल क्लब वरच्या विभागात गेला, गाव वेडं झालं.

पुढचं कोणी विचारत नाही. एका मोठ्या क्लबचा करार टेबलावर होता, तो टेबलावरच राहिला. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे खेळला आणि मग प्रशिक्षक झाला, पोरांच्या तोंडी 'मिस्टर'. मुर्सियाच्या धुळीत, सोरियाच्या थंडीत, कोणी नाव ऐकलं नसेल असल्या संघांना त्याने उभं केलं. कुठल्या पोराला कधी शिवी दिली नाही. मला दिल्या, पण मी बहीण. केस पांढरे झाल्यावर बुडत्या पेन्यामार क्लबने त्याला हाक मारली आणि हा वेडा धावत आला. मच्छीमारांची पोरं घेऊन त्याने क्लब तरंगता ठेवला. मला त्याचा अभिमान आहे, आणि हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

यंदा शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी क्लब विभागात टिकला असता. एक-एक गोल झालेला, थोडाच वेळ उरलेला, बदली खेळाडू सगळे वापरून संपलेले. तेवढ्यात आमचा कप्तान शांद्रू वळताना कोसळला. गुडघा धरून ओरडला. ते ओरडणं मी आधी एकदा ऐकलं होतं.

पण पोरगं उठलं. एका पायावर उड्या मारत समोरच्या गोलकडे बोट दाखवायला लागलं. झालं! सगळे प्रेक्षक उभे. "पुढे! लंगडा पुढे!" म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. क्लबचे अध्यक्ष डॉन लाउरेआनो माझ्या शेजारीच होते. म्हणाले, "बघ टेल्वा, इतिहास परत घडतोय!"

"इतिहास गेला चुलीत," मी म्हटलं. "पोराचा गुडघा बघा आधी!"

एलिसेओ रेषेवर आला आणि हाताने खूण केली, बाहेर ये. शांद्रू ऐकेना. मग हा पंचांशी काहीतरी बोलला, मैदानात शिरला आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला अक्षरशः ओढत बाहेर घेऊन आला. दहाच जण उरले. मग शिट्ट्या सुरू झाल्या. "भित्रा!" "गद्दार!" ज्यांनी त्याला खांद्यावर नाचवलं होतं, तीच ही तोंडं! मी कोणाकोणाला काय काय बोलले ते इथे नको.

शेवटी-शेवटी आमच्यावर गोल झाला आणि क्लब खाली गेला. लाउरेआनोंनी गाडीपाशीच सांगून टाकलं, "एलिसेओ, उद्यापासून येऊ नकोस."

संध्याकाळी दुकानात काळं कुत्रं नव्हतं. मी एलिसेओपुढे घेवड्याचं कालवण ठेवलं, तो नुसता चमचा फिरवत बसला. इतक्यात दार लोटून शांद्रू आला. काखेत कुबड्या, गुडघा बांधलेला. डॉक्टर म्हणाले होते, लिगामेंट अर्धं फाटलंय, विश्रांती घेतली तर जुळेल. तो एकदा फोटोकडे बघत होता, एकदा माझ्या भावाकडे.

"भिंतीवर तुम्हाला एकट्यालाच राहायचं होतं ना, मिस्टर?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "ए शहाण्या—" मी सुरुवात केली, पण एलिसेओने हात वर केला. मी तोंडातली शिवी गिळली, आयुष्यात पहिल्यांदा असेल. आमच्या रीतीप्रमाणे बाटली डोक्याच्या वर उंच धरून मी ग्लासात घोटभर सिद्रा ओतली. एलिसेओ प्यायला, पुढच्यासाठी ग्लासाची कड धुवायला तळाचं थोडं जमिनीवर उडवलं. त्याच ग्लासात परत ओतून मी शांद्रूपुढे धरला. त्याने तोंड फिरवलं. आमच्यात सगळे एकाच ग्लासातून पितात; तो नाकारण्यापेक्षा थोबाडीत मारलेली बरी.

बाटली संपली होती. मी तळघराकडे वळले तर एलिसेओ उठला.

"बस ताई. मी आणतो."

"तू? अरे, या पोरासमोर—"

"आणतो म्हटलं ना."

त्याने तळघराचं दार उघडलं, पाठ फिरवली, कठडा धरला आणि होडीच्या शिडीवरून उतरावं तसा उलटा उतरायला लागला. एक पायरी. दोन्ही पाय त्याच पायरीवर. थांबायचं, श्वास घ्यायचा. मग दुसरी. सपाट रस्त्यावर कोणाला काही कळत नाही, म्हणून गावाला माहीत नाही. गावासमोर तो कधी पायऱ्या उतरलाच नाही.

शांद्रू कुबड्या टेकत दारापाशी गेला आणि बघत राहिला. मग त्याने मला हळूच विचारलं, "टेल्वाकाकू, हे कधीपासून?"

"फोटो काढला त्या दिवसापासून," मी म्हटलं.

एलिसेओ वर आला तेव्हा घामाने चिंब होता. बाटली माझ्या हातात दिली आणि काहीच घडलं नाही अशा थाटात बसला. मी ओतली. तो प्यायला, तळाचं उडवलं. मी ग्लास परत भरला, पण या वेळी पुढे केला नाही. शांद्रूने एक कुबडी टेबलाला टेकवली आणि आपणच हात लांब केला.

"मिस्टर..."

"मिस्टर कसला रे आता? मला काढलंय."

"मिस्टर," शांद्रू परत म्हणाला, आणि माझ्या भावाच्या ग्लासातून प्यायला.